मिटल्या तोंडाचं माप

"गप बसले की सगळं झ्याक ऐकू येतंय, साहेब. गायला तोंड उघडलं की आवाज गळून जातोय," प्रमिलाताई म्हणाल्या आणि पर्समधून हळदीकुंकवाची स्टीलची डबी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

डबीत कापसावर मी घडवलेले दोन तुकडे होते. एक डाव्या कानाचा, एक उजव्या. रंग गुलाबी, अगदी कवळीच्या हिरडीसारखा, कारण माझ्याकडे दुसऱ्या रंगाची पावडरच नव्हती. प्रत्येक तुकड्याच्या पोटात गव्हाच्या दाण्याएवढे दोन स्पीकर, टोकाला बारीक भोक आणि पाठीवरून कानामागे जाणारी तार.

"आवाज गळायला ते काय मडकं आहे?" मी म्हणालो.

दारात टेकून उभे असलेले घोलप हसले. नंदकुमार घोलप म्हणजे 'नादवेल' ऑर्केस्ट्राचे मालक, आणि साउंडची सगळी बटणंही तेच सांभाळायचे. "मी म्हटलंच हुतं ताईला, कवळीवाल्याकडनं कान करून घेऊ नको. उद्या चावायला लागतील."

ही बारा वर्षांपूर्वीची, चैत्रातली गोष्ट. दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या यात्रांच्या सुपाऱ्या सुरू होत होत्या. सोळा दिवसांत चौदा गावं.

कराडात शनिवार पेठेत माझी दातांची लॅब होती, अजून आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि मी कवळी बनवून द्यायचो. वेल्हाळांची कवळी म्हटली की लोक बिनधास्त असायचे. माझ्या कवळीनं म्हातारी माणसं ऊस सोलून खातात, असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि त्यात फार खोटं नव्हतं. पुढं गावातल्या कानाच्या डॉक्टरांनी ऐकू यायच्या मशीनचे साचे माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिक तेच, हात तेच, फक्त भोक वेगळं. पेशंट माझ्याच खुर्चीत बसायचा. मी कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा सरकवायचो, त्यावर पिचकारीनं मऊ रबर भरायचो आणि सांगायचो, "तोंड मिटा. बोलू नका, गिळू नका, हलू नका. पाच मिनिटं." असे शेकडो म्हातारे-म्हाताऱ्या मी पुतळ्यासारखे बसवले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती.

प्रमिलाताईंना त्याच डॉक्टरांनी पाठवलं होतं. प्रमिला लोंढे, वय चौतीस, पंधरा वर्षं स्टेजवर. स्टेजवर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायापाशी एक मोठा बॉक्स तोंडाकडे करून ठेवतात. ढोलकी आणि कीबोर्डच्या वर आवाज जायला हवा म्हणून तो बॉक्स कोकलत असतो. पंधरा वर्षं त्या बॉक्सपुढं उभं राहून त्यांचा उजवा कान अधू झाला होता आणि डावा त्याच वाटेनं निघाला होता. डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर धरून सांगितलं होतं, "एक तर गाणं सोडा, नाहीतर बॉक्स बंद करून कानात बसणारे मॉनिटर घ्या. कान घट्ट बंद झाला की बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आणि मग अगदी हळू आवाजातही तुम्हाला तुमचा सूर ऐकू येईल. पण हळू म्हणजे हळूच."

गाणं सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. नवरा लवकर गेलेला, पदरात बारा वर्षांची मुलगी. शिवाय, त्या मला म्हणाल्या होत्या, "गाणं सोडून मी घरात बसले तर भिंतीशी भांडंन, साहेब."

बाजारातले रबरी टोपीचे तयार मॉनिटर त्यांनी वापरून पाहिले होते. घाम आला की ते सुटून गळ्यात लोंबायचे. त्यांच्या कानाचं भोक अरुंद होतं आणि आत एकदम मोडलेलं, घाटातल्या वळणासारखं. घोलपांचं म्हणणं मुंबईला जाऊन माप द्यावं. मी म्हणालो होतो, "मुंबईला कशाला? अर्ध्या केसाचा फरक माझ्या बोटाला कळतो. असा तुकडा करतो की स्टेजवरून पडला तरी फुटणार नाही आणि नाचलात तरी निघणार नाही."

आणि तसा केला होता. स्पीकर दिल्लीहून मागवले. घामानं तार हिरवी पडून तुटते असं वाचलं होतं, म्हणून तार जिथं तुकड्यात शिरते तिथं आत एक गाठ मारून वरून प्लॅस्टिकचा थेंब दिला. कानातला मळ भोकात शिरू नये म्हणून टोकाला बारीक जाळी बसवली. पंधरा रात्री माझी झोप त्या दोन तुकड्यांनी खाल्ली होती. स्थानिक पेपरात फोटोसह बातमीही आली. आपल्या भागात हे पहिल्यांदाच, असं त्यात होतं. ते कात्रण मी चौकटीत घालून भिंतीवर टांगलं होतं, पेशंटला बसल्या बसल्या दिसेल असं.

"बसा खुर्चीत," मी प्रमिलाताईंना म्हणालो.

दोन्ही तुकडे मी स्वतः त्यांच्या कानात बसवले. घोलपांनी मोबाइलवर ढोलकीचा ठेका लावून मोबाइल ताईंच्या कमरेच्या रिसीव्हरला, म्हणजे तुकड्यांची तार जाते त्या यंत्राला, जोडला.

"कसं वाटतंय?"

"येकदम मस्त. ढोलकीचा धुम छातीत वाजतोय."

"आता गा."

त्यांनी आ लावला. तोंड चांगलं उघडून, स्टेजवर लावतात तसा. तीन-चार सेकंदांतच हातानं खूण केली. "गेला. धुम गेला. माझाबी आवाज पातळ झाला, पत्र्याच्या डब्यात गायल्यावानी. आनि भाइरचं समदं आत यायला लागलं. त्यो पंखाबी ऐकू येतोय."

मी त्यांच्या कानाच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. "पुन्हा गा."

त्या गायल्या आणि माझ्या बोटाखाली हाड सरकलं. हाड सरकलं तसा कान रुंदावला आणि तुकड्याच्या कडेला फट पडली. मोठी नाही, एखादा कागद जाईल एवढी. तोंड मिटलं की फट बंद व्हायची. उघडलं की पुन्हा पडायची.

मला त्याच क्षणी सगळं कळलं.

वाचणाऱ्यानं स्वतःच्या कानापुढं बोट ठेवून तोंड उघडून पाहावं. जबड्याचा सांधा कानाला अगदी चिकटून असतो. तोंड उघडलं की तो पुढं सरकतो आणि कानाच्या भोकाचा आकार बदलतो. ऐकू न येणारा म्हातारा दिवसभर आ वासून बसत नाही, म्हणून त्याचं माप तोंड मिटून घेतलं तरी चालतं. गाणाऱ्या बाईचं माप तोंड उघडं ठेवून घ्यायला हवं, कारण तिला त्या तुकड्याची गरजच तोंड उघडल्यावर आहे. हे कोणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. वीस वर्षं मी जबड्याचीच कामं करत होतो. कवळी बसवताना माणसाला पन्नास वेळा तोंड उघड-मीट करायला लावायचो. आणि याच खुर्चीत याच बाईला मी सांगितलं होतं, तोंड मिटा, हलू नका. सवय म्हणून. तोंड हलल्याशिवाय तिचं पोट भरत नाही हे मला माहीत असताना.

"काय झालं, कवळीवाले?" घोलपांनी विचारलं. "माप चुकलं का काय?"

त्यांनी ते थट्टेत विचारलं होतं. मी 'हो' म्हणालो असतो तर त्यांनी आणखी दोन दिवस थट्टा केली असती, यापलीकडे काही झालं नसतं. नवे तुकडे करायला आठ दिवस लागले असते. तेवढे दिवस ताईंनी रबरी टोप्यांवर काढले असते, चिकटपट्टी लावून. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. पण घोलपांच्या मागं भिंतीवर ते चौकटीतलं कात्रण होतं, आणि माझी जीभ उलटी फिरली.

"माप बरोबर आहे," मी म्हणालो. "नवा तुकडा रुळायला वेळ लागतो. कवळीचं तसंच असतं. पहिले पंधरा दिवस टोचते, हलते, मग माणूस विसरूनही जातो."

कवळीच्या बाबतीत हे वाक्य मी दिवसातून दोनदा बोलत असे, म्हणून ते तोंडातून सफाईनं आलं.

"असंय व्हय," ताई म्हणाल्या. चेहरा एकदम मोकळा झाला. "मला वाटलं माझा कानच बिघडला."

त्या बिचाऱ्या स्वतःच्या कानालाच दोष देत होत्या. मी तुकडे काढून घेतले, त्यांच्यावर लॅकरचे दोन हात दिले, दिव्याखाली वाळवले आणि पुन्हा बसवले. तुकडा जरा जाड झाला. तोंड थोडं उघडलं तर आता फट पडत नव्हती. मोठं उघडलं की पडतच होती.

"आता बरं हाय," ताई म्हणाल्या. "वरच्या सुराला जरा जातंय."

"तेवढ्यापुरता आवाज वाढवून घ्या," मी घोलपांना म्हणालो.

घोलपांची थट्टा थांबली. "वाढवू? डॉक्टरनं तर हळूच ठेवायला सांगितलंय."

"थोडासा. रुळेपर्यंत. पंधरा दिवस."

"बघा बरं का. तुमी म्हनताय म्हनून."

"मी म्हणतोय ना," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी हात धुतले आणि एका प्राध्यापकांची खालची कवळी घासायला घेतली. यात्रा झाल्या की त्यांना बोलावून काहीतरी सबब सांगू आणि गुपचूप नवे तुकडे करून देऊ, असं मी ठरवलं. ठरवल्यावर हलकं वाटलं. त्या दुपारी जेवणही व्यवस्थित गेलं.

पाचव्या दिवशी मात्र राहवेना. पाटणच्या बाजूच्या एका गावात त्यांचा कार्यक्रम होता. स्कूटर काढली आणि दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. देवळापुढं स्टेज बांधून झालं होतं, पोरं खुर्च्या मांडत होती आणि घोलप मिक्सरमागं बसून चहा पीत होते.

"या, कवळीवाले. आज डोंगर चढून आलासा?"

"कसं चाललंय बघायला आलो."

"एक नंबर. ताई खूश हाईत." त्यांनी मिक्सरवरच्या एका बटणाला बोट लावलं. "पयल्या दिवशी ह्यो काटा हितं हुता. आता हितं."

पहिल्या दिवशी काटा डावीकडे कललेला होता, घड्याळातल्या दहासारखा. आता तो उजवीकडे तीनवर होता.

"एवढा?" मी म्हणालो.

"त्या मागत्यात, मी देतो. वरचा सूर लावला की 'मास्तर, वाढवा' म्हनत्यात. तुमीच म्हनला हुता ना, रुळेपर्यंत."

तेवढ्यात ताई आल्या. कानात तुकडे होतेच. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की माझं सांगायचं वाक्य मागं सरकलं. त्या सांगू लागल्या की काल ढोलकी अंगावर आल्यासारखी वाजत होती तरी आपला सूर सुटला नाही. परवा एक तुकडा टेंपोतून खाली पडला, वरून चाक गेलं, तरी टवकासुद्धा उडाला नाही.

"काय पक्कं काम केलंय, साहेब. हे माझ्यामागंबी ऱ्हातील."

"कानाला त्रास?"

"रात्री जरा शिट्टी वाजती आत. दोन घंट्यांनी जाती. नवं हाय म्हनून आसंल."

ती शिट्टी म्हणजे काय ते मला माहीत होतं. कानाच्या डॉक्टरांकडे बसून बसून एवढं मी शिकलो होतो. "ताई, मला जरा बोलायचंय," मी म्हणालो.

"आदी माझं ऐका. मी पाटलास्नी सांगून ठेवलंय. तुमचा सत्कार हाय."

मी नको नको म्हणत राहिलो. यात्रेत स्टेजवर सत्काराची रांगच असते. मंडप देणाऱ्याचा, वीज देणाऱ्याचा, बैलगाडी शर्यतवाल्यांचा. सहाच्या सुमाराला, अजून चांगलं ऊन असताना, माझं नाव पुकारलं. ताईंनी माइक हातात घेऊन सगळ्या गावाला सांगितलं, "ह्या मानसानं माझं कान वाचवलं." यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घोलपांनी मिक्सरमागून दोन्ही हात वर करून मला नमस्कार केला, आणि त्यात थट्टा नव्हती.

मी नारळ घेतला आणि खाली उतरलो. मग कार्यक्रम सुरू झाला, ताई गाऊ लागल्या, आणि गाणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून काय सांगणार, असं स्वतःला सांगून मी स्कूटर चालू केली. दुसऱ्या दिवशी बायकोनं तो नारळ फोडला. खोबरं गोड निघालं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखं पुष्कळ आहे. यात्रा संपल्या, मग लग्नसराई आली, मग गणपती. मी बोलावलं नाही आणि त्यांना यायचं कारण नव्हतं. दिवाळीत त्या तार बदलायला आल्या, घामानं ती हिरवी पडली होती. मी विचारलं, आता कसं आहे? "रुळलं," त्या म्हणाल्या, "आता कायसुद्धा तरास न्हाई." मी तार बदलून दिली. त्याच सुमारास मी दातांत धरायचे ठोकळे मागवले, म्हणजे माप घेताना माणसाचं तोंड उघडं राहतं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याहून गाणारे यायला लागले होते. त्या सगळ्यांची मापं मी उघड्या तोंडानं घेतली आणि त्यातलं एकही चुकलं नाही.

तीन-चार वर्षांनी कळलं की प्रमिला लोंढेंनी 'नादवेल' सोडली. मग कळलं की गाणंच सोडलं. आणखी काही दिवसांनी घोलप हार्ट अटॅकनं गेल्याचं पेपरात वाचलं.

करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. बरोबर एकोणीस वर्षांची मुलगी होती, करिष्मा. नमस्कार करून मी काहीतरी म्हणालो, त्या नुसत्या बघत राहिल्या.

"आईला मास्कमुळं कळत नाही, काका," मुलगी म्हणाली. "ती ओठ बघून समजते."

"मास काढा, साहेब," ताई म्हणाल्या. आवाज केवढा तरी मोठा होता, बंद खोलीत हाक मारल्यासारखा. "तोंड दिसल्याबिगर मला आता काय कळत न्हाई."

मी मास्क काढून टेबलावर ठेवला. ऐकायचं मशीन पर्समध्येच ठेवतात, त्यांनी सांगितलं, गर्दीत त्यातून नुसता गलका ऐकू येतो. आता त्या दुसऱ्या एका ऑर्केस्ट्रात पोरींचा मेकअप बघत होत्या. करिष्मा तिथंच गायला लागली होती. तिचे कानातले मॉनिटर करून हवे होते.

"माज्यासारकंच करा. पक्कं." त्यांनी पर्समधून तीच हळदीकुंकवाची डबी काढली. आत कापसावर ते दोन गुलाबी तुकडे, जसेच्या तसे. "बगा. अजून वाजत्यात."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "घोलप गेल्याचं वाचलं. वाईट झालं."

"त्यांचं नाव काढू नका," ताई म्हणाल्या. "त्यांनीच माझ्या कानाची माती केली. तुमी पंधरा दिस म्हनला हुता. त्यांनी बटन वाढवत वाढवत पार शेंड्याला नेलं. मी मागायची, पर त्यांनी द्यावं का? मालक हुते, थोरला भाऊ मानला हुता. भांडून आले. मेले तवा निरोप आला, मातीला गेले न्हाई मी."

मी मान खाली घातली आणि करिष्माला खुर्चीत बसायला सांगितलं.

बॅटरीनं तिचे कान पाहिले. आईचाच कान होता, अरुंद आणि आत मोडलेला. दोन्हीकडे दोरा बांधलेले बोळे सरकवले. तिच्या दातांमध्ये ठोकळा दिला, तोंड चांगलं उघडं राहील असा. मग पिचकारीनं दोन्ही कान रबरानं भरले आणि पाच मिनिटांचं टायमर लावलं. तिला आता काही ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. हनुवटीवर लाळ ओघळत होती.

"माझ्या येळंला त्यो ठोकळा नव्हता," मागं स्टुलावर बसलेल्या ताई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळलो आणि स्पष्ट ओठ हलवून म्हणालो, "तेव्हा ही पद्धत नव्हती."

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. मी पुन्हा खुर्चीकडे तोंड केलं. खुर्चीसमोर आरसा आहे, कवळी घातल्यावर माणसाला स्वतःचं हसू बघायला लावलेला. त्यात मला माझं तोंड दिसत होतं. खोलीत तिघं होतो आणि दोघींना ऐकू येत नव्हतं. घोलपांनी मिक्सरमागून केलेला नमस्कार मला आठवत होता. कोणी ऐकणार नाही हे माहीत असल्यामुळंच असेल, इतकी वर्षं दातांमागं धरलेलं बाहेर पडलं.

"पद्धत होती," मी पुटपुटलो. "मला ठाऊक नव्हती. तुमचं माप मी तोंड मिटून घेतलं, म्हणून तुकडे गाताना सुटायचे. घोलपांचा काही दोष नाही. मीच त्यांना आवाज वाढवायला सांगितलं."

टायमरची टिकटिक चालू होती. मी वर पाहिलं तर आरशात ताई उभ्या होत्या. त्या माझ्या प्रतिबिंबाकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

मी नजर टायमरकडे वळवली.

"आता काय म्हनलासा त्ये परत सांगा. हिकडं वळा. पुटपुटू नका, तोंड उघडून सांगा."

मी वळलो आणि सांगितलं. एकेक शब्द, सावकाश. मधे त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

"त्या दिशी कळलं हुतं? ह्या खुर्चीत?"

"हो."

"नारळ घेतलासा तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

"दिवाळीत तार बदलली तवा?"

"तेव्हाही."

त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ हातातल्या डबीचं झाकण उघडत होत्या, लावत होत्या. रडतील असं मला वाटलं, रडल्या नाहीत. शिव्या देतील असं वाटलं, आणि त्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तरांच्या मातीला गेले न्हाई मी," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज हळू होता. किती हळू ते त्यांना कळलं नसावं.

टायमर वाजला. त्यांना तो ऐकू आला नाही, करिष्मालाही नाही. मी दोन्ही कानांतलं रबर दोरा धरून हळूच ओढून काढलं, ठोकळा काढला. पोरीनं जबडा चोळला आणि आरशातून आमच्या दोघांकडे पाहिलं.

"काय झालं, आई?"

ताईंनी तिच्या हनुवटीवरची लाळ पदरानं पुसली. माझ्या हातातली मापं घेतली, उजेडात धरून पाहिली. त्यांना त्यातलं काय कळत होतं कोण जाणे. मग दोन्ही मापं त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकली.

"परत घ्यायचं म्हनत्यात," त्या मुलीला म्हणाल्या. "खात्रीचं."

माप चांगलं आलं होतं. तरी मी नवे बोळे घेतले, नवं रबर कालवलं. ताई स्टूल सोडून खुर्चीला लागून उभ्या राहिल्या. लेकीच्या कानापुढं, जिथं हाड सरकतं तिथं, त्यांनी दोन बोटं ठेवली. ठोकळा द्यायला मी हात पुढं केला.

"उघड," त्या पोरीला म्हणाल्या. "आजून उघड."

त्यांचे डोळे मात्र माझ्या तोंडावर होते.